टाकीचा झगा

टेलरमावशींच्या हातचं काम कधी परत आलं नाही. म्हणजे आलं असेल एखाद-दुसरं, पण ते त्यांना मान्य नाही. ब्लाउज दंडाला घट्ट झाला तर बाईचा दंड सुटला, पँट आखूड झाली तर पोरगा वाढला. कात्री चुकली असं चौतीस वर्षांत एकदाही झालं नाही, विचारा कुणालाही. कुणालाही म्हणजे त्यांनाच.

शिवलेल्या प्रत्येक कपड्याला आतून एक नखाएवढं पांढरं लेबल, त्यावर लाल दोऱ्याने काढलेली कात्री. ते लागल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर पडत नसे. दुसरी सवय अशी, की माप कुणाचंही असो, बेतताना त्या चार बोटं जास्तच धरायच्या. "अंग वाढतं असतं," म्हणायच्या. गिऱ्हाईक साठीचं असलं तरी तेच. त्याने कुरकुर केली तर म्हणायच्या, "मग पोट वाढेल. कापड कमी पडलं तर मी कुठून आणू?"

दुकान रस्त्याच्या पलीकडे, घर अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. घरात मावशी, त्यांचे यजमान आणि सवत. यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून अख्खी बिल्डिंग त्यांना मिस्त्री म्हणते. सवत म्हणजे बाहेरच्या खोलीतली चार फुटी काचेची टाकी. साध्या पाण्याची नव्हे, खाऱ्या पाण्याची. नऊ वर्षं मिस्त्री दर सुट्टीला बादलीत मीठ ढवळायचे, काचेच्या नळीने मोजायचे, पुन्हा चिमूटभर टाकायचे, पुन्हा मोजायचे. "भाजीत मीठ कमी आहे की जास्त, हे या माणसाला आजवर कळलेलं नाही," मावशी शेजारणींना सांगायच्या, "आणि माशांना मात्र हॉटेलसारखी सेवा!"

टाकीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी होती. मादी मोठी आणि तापट, नर लहान आणि तिच्या मागे मागे. मिस्त्रींनी त्यांची नावं ठेवली शेठाणी आणि शेठ, आणि कुणी विचारलं की म्हणायचे, "आमच्यावरूनच ठेवलीत." एक लाल पाठीचा, लांब पांढऱ्या मिशांचा झिंगा होता. तो माशांच्या अंगावरचा मळ वेचून खायचा, म्हणून तो न्हावी. मागच्या खडकावर जांभळं प्रवाळ होतं, आणलं तेव्हा नखाएवढं, आता पसरलेल्या पंजाएवढं. मावशी यातल्या कशाकडेही धड बघायच्या नाहीत. सवतीचं तोंड कोण बघतं?

पण त्या महिन्यात त्यांनाही बघावं लागलं. शेठाणीने अंडी घातली होती. याआधी दोनदा घातली आणि दोन्ही वेळा नवरा-बायकोने मिळून खाऊन टाकली. या वेळी मात्र खडकावर चिकटलेल्या त्या नारिंगी दाण्यांपुढे शेठ उभा राहिला तो राहिलाच. दिवसभर पंखांनी वारा घालायचा, एखादा दाणा पांढरा पडला की तोंडाने उचलून बाजूला टाकायचा. मिस्त्रींचा उजवा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता, लिफ्टच्या खड्ड्यात पाय घसरून पडले होते. काही काम नाही, म्हणून तेही टाकीपुढे खुर्ची टाकून बसायचे. दोन बाप समोरासमोर बसलेत, असं मावशी म्हणायच्या. म्हणताना हसायच्या, पण चहा खुर्चीपाशी आणून द्यायच्या.

अशात नोटीस लागली. बिल्डिंगमध्ये ढेकूण झाले होते, लाकडाला कीड लागली होती. गुरुवारी सकाळी दहाला सगळ्या घरांत औषधाचा धूर सोडायचा, एकही घर वगळायचं नाही. सेक्रेटरी म्हणाले, "एक घर सोडलं तर सगळे ढेकूण तिथे मुक्कामाला जातील आणि पुढच्या आठवड्यात जोडीने परत येतील." त्यांचंही चूक नव्हतं. खुद्द मावशींच्या मानेवर तीन चावे होते.

सोमवारी औषधवाला घरं बघायला आला. काटकुळा माणूस, पण कामाचा पक्का. टाकी बघून त्याने कपाळावर हात मारला.

"ही हलवा, मिस्त्री."

"कशी हलवू? अंडी खडकाला चिकटलीत. पाण्याबाहेर काढली की गेली. चार-पाच दिवसांत फुटायची आहेत."

"मग झाका. पण धड झाका. हे औषध किड्यांसाठी आहे, आणि तुमचा हा मिशीवाला किड्यांचाच चुलतभाऊ. त्याला नुसता वास लागला तरी तो उताणा पडेल. पाठोपाठ बाकीचे. सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तर मला बोल लावायचा नाही."

मिस्त्रींनी आपल्या प्लास्टरकडे बघितलं. आजवर टाकीचं सगळं त्यांनी एकट्याने केलं होतं, बायकोला कधी बोट लावू दिलं नव्हतं. आणि आता डाव्या हाताने त्यांना सदऱ्याचं बटणसुद्धा लावता येत नव्हतं. ते काही बोलणार, तेवढ्यात आतून मावशी आल्या. त्यांनी त्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द उचलला होता, सुई.

"कव्हरच पाहिजे ना? माझ्यावर सोडा," त्या म्हणाल्या, आणि गळ्यातली टेप काढून सवतीची मापं घ्यायला वाकल्यासुद्धा.

बाकीची योजना मिस्त्रींची. धुराच्या वेळी बिल्डिंगची वीज बंद राहणार. म्हणून हवेचा पंप गॅलरीत ठेवायचा, लिफ्टच्या जुन्या बॅटरीवर चालवायचा, आणि खिडकीच्या चौकटीतून नळी आत आणून कव्हरमध्ये सोडायची, म्हणजे माशांना बाहेरची चांगली हवा. पंप चालू आहे तोवर हवा आतून बाहेर लोटणार, धूर शिरायची शक्यता कमी. पण बॅटरी चार तासांची, आणि धूर घरात कोंडून ठेवायचा सहा तास. शेवटचे दोन तास सगळं कव्हरच्या भरवशावर.

मावशींनी जाड पारदर्शक प्लास्टिकचा तागा आणला आणि दोन दिवस गिऱ्हाइकांना फिरवून लावलं. त्या बेतत होत्या तेव्हा मिस्त्री दुकानात स्टुलावर बसून बघत होते. "अगं, चार बोटं जास्त धरतेस? टाकी काय वाढणार आहे?"

"तुम्ही लिफ्ट बघा," मावशी म्हणाल्या.

आणि कव्हर काय शिवलं म्हणता! कोपरे गोल, सगळ्या कडांना निळी पायपिंग, एका बाजूला नळीसाठी बाही, बाहीच्या तोंडाला इलॅस्टिक. खालची कड जमिनीवर दाबून बसावी म्हणून लांबलचक कापडी पिशव्या शिवून त्यांत वाळू भरली. कडेला आतून लेबल, लाल कात्री. बुधवारी दुपारी मावशींनी ते टाकीवर घालून बघितलं, आणि घालून बघितलं ते दार सताड उघडं ठेवून, म्हणजे जिन्यातून येणारा-जाणारा आपोआप थांबेल. थांबलेच सगळे. सेक्रेटरी म्हणाले, "टाकीला झगा शिवलात की हो!" वरच्या मजल्यावरची नवी सून म्हणाली, "मावशी, माझ्या लग्नातला ड्रेससुद्धा इतका अंगासरसा नव्हता." मावशींनी तो टोमणा आहे की कौतुक याचा विचार केला आणि कौतुक धरलं. छाती अशी फुगली होती की त्यांचं स्वतःचंच माप त्या दिवशी चुकलं असतं.

मिस्त्री तेवढे पुढे झाले. त्यांनी डाव्या हाताचं एक बोट शिवणीवरून हळूच फिरवलं, "सुंदर आहे" म्हणाले आणि आत जाऊन पडले.

ते मावशींना लागलं. जग कौतुक करतंय आणि ज्याच्यासाठी केलं तो भिंतीकडे तोंड करून झोपलाय! शेजारणी गेल्यावर त्यांनी तणतणत पंपाचं बटण दाबलं. म्हटलं, निदान फुगून कसं दिसतं ते तरी बघू. कव्हर फुगायला लागलं, निम्मं फुगलं, आणि तिथेच थांबलं. मावशींनी वाळूच्या पिशव्या दाबल्या. बाहीचं तोंड आवळलं. तरी तेच. मग त्या कोपऱ्यापाशी गुडघ्यांवर बसल्या आणि शिवणीला गाल लावला.

गालावर वारा लागत होता. एका ठिकाणी नव्हे, वरपासून खालपर्यंत, टाक्याटाक्याला. पायपिंगमुळे शिवण दुहेरी, म्हणजे भोकंही दुप्पट.

कापडात सुई गेली की कापड दोऱ्याभोवती मिटतं. प्लास्टिक मिटत नाही. सुईने पाडलेलं भोक भोकच राहतं. ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही सुचली असती, पण मावशींना नाही सुचली, कारण चौतीस वर्षांत शिवण म्हणजे जोड हेच त्यांच्या हाताला ठाऊक. औषधवाल्याने तर सुईच्या टोकाएवढं म्हणून शब्दशः सांगितलं होतं! मावशी तशाच जमिनीवर बसून राहिल्या. कुणी फाडकन तोंडात मारावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मग उठून त्या आत गेल्या. "अहो, तुम्हाला दिसलं होतं ना?"

मिस्त्री भिंतीकडे बघत म्हणाले, "काय दिसायचंय?"

"इकडे बघून बोला."

त्यांनी कूस वळवली, तेव्हा उशीखालून चिकटपट्टीचं भलंमोठं भेंडोळं घरंगळत खाली आलं. दोघं त्याच्याकडे बघत राहिली.

"तू दुकानात गेलीस की एका हाताने लावणार होतो," मिस्त्री म्हणाले. "तुला कळलंही नसतं. इतकं मन लावून शिवलंस, सगळ्यांसमोर कसं सांगू?"

आता इथे दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मावशींच्याही आलं, खोटं कशाला बोला. पण त्यांचा पीळ वेगळा. पदराने नाक पुसून त्या म्हणाल्या, "चिकटपट्टी? माझ्या कामाला ठिगळ लावणार होता तुम्ही?"

"मग काय करणार?"

"उसवणार," मावशी म्हणाल्या. पदर खोचला, कव्हर काखेत मारलं आणि तरातरा रस्ता ओलांडला. मागून मिस्त्री.

दुकानात पोचल्यावर त्यांनी शिलाई मशिनवर झाकण घातलं आणि इस्त्री लावली. कपडे बेतायच्या फर्म्याचा खाकी कागद प्लास्टिकच्या दोन तुकड्यांवर ठेवला आणि त्यावरून इस्त्री फिरवली. पहिले तुकडे करपले, दुकानभर घाण वास. दुसरे चिकटल्यासारखे वाटले आणि ओढताच सुटले. तिसऱ्यांना सुरकुती पडली. मावशींनी इस्त्रीचं बटण रेशमाच्या खुणेवर आणलं, हात न थांबवता, न रेटता, सावकाश नेला, आणि चौथे दोन तुकडे असे एकजीव झाले की मिस्त्रींनी दातात धरून ओढले तरी सुटेनात.

"पण नवा जोड शिवणीच्या आतून घ्यावा लागेल," मिस्त्री म्हणाले. "भोकं कापून टाकायची म्हणजे प्रत्येक कडेला दोन-दोन बोटं गेली. टाकीला पुरेल का?"

मावशींनी इस्त्री उभी ठेवली आणि नवऱ्याकडे बघितलं. ते बघणं काय वर्णावं! "चार बोटं जास्त धरलीत ना मी?"

मिस्त्री गप्प बसले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर गप्प कधी बसायचं हे माणसाला कळतं.

दिवेलागणीपर्यंत काम चाललं. निळी पायपिंग गेली, दुहेरी शिवण गेली, गोल कोपरे गेले. राहिला एक साधा, सरळ, थोडा सुरकुतलेला खोका. लेबलही उसवलं, कारण ते लावायचं म्हणजे चार टाके, चार टाके म्हणजे चार भोकं. मावशींनी ते चिमूटभर कापड थोडा वेळ हातात धरलं आणि टेबलावर ठेवून दिलं. बिनलेबलाचं काम त्यांच्या दुकानातून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं.

"नळीच्या बाहीला चिकटपट्टी लावा तुमची," त्या जाताना म्हणाल्या. "तिथे चालेल." मिस्त्री तेवढ्यानेही खूश झाले.

गुरुवारी सकाळी कव्हर चढलं, पंप लावला, आणि ते असं टम्म फुगलं की औषधवाल्याने बोटाने टिचकी मारून बघितली. मावशींनी सगळ्या कडांना गाल लावला. वारा नव्हता. शेठ खडकापाशी वारा घालत होता, न्हावी मिशा हलवत होता. दहाला दारं बंद झाली.

दोघं रस्त्यापलीकडे दुकानात बसली. तिथून गॅलरी दिसायची आणि पंपाचा लाल दिवाही. मावशींनी कुणाचातरी झंपर शिवायला घेतला. डावी बाही उजवीकडे जोडली, उसवली, आणि पुन्हा तिथेच जोडली. मिस्त्रींनी बघितलं आणि दोऱ्याचं रीळ तेवढं पुढे सरकवलं. दोनला दहा मिनिटं कमी असताना लाल दिवा विझला.

"दोन तास," मिस्त्री म्हणाले. "पाण्यात तेवढी हवा आहे. माशांचं मला काही वाटत नाही."

"मग कशाचं वाटतं?"

त्यांनी पलीकडच्या बंद खिडकीकडे बघितलं, आणि मावशींना कळलं. आता मध्ये फक्त त्यांच्या हातचं काम होतं. नऊ वर्षांत त्यांनी टाकीला नाही नाही ते बोल लावले होते, पण त्या दोन तासांत त्या मनातल्या मनात सारख्या एकच घोकत होत्या: शेठाणीबाई, तुमचं काही वाईट व्हायला नको. माझ्या हातून तर नकोच.

चारला खिडक्या उघडल्या. आणखी दोन तास घर वाऱ्यावर सोडलं. सहाला औषधवाला म्हणाला, "चला."

खोलीच्या कोपऱ्यांत झुरळं उताणी पडली होती, टाकीच्या पायाशी तर ढीग. औषधवाल्याने आणि मावशींनी मिळून कव्हर उचललं. मावशी काचेला अगदी नाक लावून वाकल्या आणि होत्या तशाच थिजल्या.

तळाच्या वाळूत न्हावी उताणा पडला होता. पांढरा फटक. मिशा सरळ, पाय वर, हलत नव्हता.

औषधवाला मान खाली घालून उभा राहिला. मागून मिस्त्री येत होते, त्यांना वाट द्यायचंही मावशींना सुचलं नाही. त्यांनी नवऱ्याचा धड हात घट्ट धरला आणि चौतीस वर्षांत जे कुणापुढे बोलल्या नव्हत्या ते बोलल्या.

"चुकलं हो माझं. माझी कात्री चुकली."

मिस्त्री वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मावशींना वाटलं, हा माणूस आता रडणार.

मिस्त्री हसत होते.

"अगं वेडे, ही त्याची कात आहे! नुसतं टरफल. दर महिन्याला टाकतो तो, तू उठायच्या आत मी काढून फेकतो. मागे बघ, खडकाच्या मागे."

मावशींनी डोळे पुसून बघितलं. खडकाच्या सावलीतून आधी दोन मिशा बाहेर आल्या, मग लाल पाठ, कोरी, लखलखीत, नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखी. पहिल्यापेक्षा न्हावी थोडा मोठाच दिसत होता.

"आधीचं त्याला घट्ट झालं," मिस्त्री म्हणाले. "अंग वाढतं असतं."

मावशी हसल्या, रडल्या, नवऱ्याच्या प्लास्टरवर एक चापट मारली, ते ओरडले तेव्हा तिथेच फुंकर घातली. शेठाणी फणकाऱ्याने काचेपाशी येऊन गेली. शेठ आपल्या जागेवर होता. मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा ती अंडी नीट बघितली. प्रत्येक दाण्यात चंदेरी डोळ्यांचे दोन ठिपके होते, आणि ते सगळे डोळे बाहेर बघत होते.

औषधवाल्याने कव्हर दिव्यापुढे धरून चारही कडा तपासल्या. "मावशी, वीस वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला. "लोक चादरी टाकतात, पिशव्या चिकटवतात, आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करून रडतात. असं काम मी बघितलं नाही. माझ्यासाठी दोन करून द्याल?"

"माप आणा," मावशी म्हणाल्या. आवाज पुन्हा जागेवर आला होता. "आणि चार बोटं जास्त लागतील, आधीच सांगून ठेवते."

तो गेल्यावर त्या हात-पाय धुऊन बाहेर आल्या, तर मिस्त्री टाकीपाशी डाव्या हाताने काहीतरी खटपट करत होते. ज्या काचेवर नऊ वर्षांत त्यांनी कुणाच्या बोटाचा ठसा उमटू दिला नव्हता, तिच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी चिकटपट्टीने एक नखाएवढं पांढरं कापड चिकटवलं होतं. लाल दोऱ्याची कात्री. दुकानातल्या टेबलावरून खिशात कधी घातलं, देव जाणे.

"तिरकं लागलंय," मावशी म्हणाल्या.

"डाव्या हाताने लावलंय. तू नीट कर."

मावशी पुढे झाल्या. तिरकी शिवण दिसली तर ज्या बाईला घास उतरत नाही, तिने ते लेबल जवळून बघितलं, त्याच्या मागे हलणारा शेठ बघितला, आणि हात मागे घेतला.

"राहू दे," त्या म्हणाल्या, आणि दुसरी खुर्ची ओढून नवऱ्याशेजारी बसल्या.